मामांची लगीनघाई

बद्रीनाथराव वानखडे आयुष्यात कधी धावले नव्हते. बस सुटली तर ते पुढची घेत, आणि पुढचीही सुटली तर ती नेमकी कुठे जाते याची चौकशी करत थांबत. सरकारी नोकरीत धावण्याचा प्रश्नच नव्हता. स्वतःचं लग्न ठरवायला अकोल्याहून पुण्याला निघाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी हलली होती. त्यांनी तिला शांतपणे जाऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी आले. ('तेव्हाच मला कळायला हवं होतं,' असं त्यांच्या सौभाग्यवती नम्रताताई अजूनही अधूनमधून म्हणतात.)

मग असा माणूस रविवारी पहाटे उठून पाच किलोमीटरच्या शर्यतींना का जायला लागला? तर केवळ कुतूहलापोटी. गेल्या वर्षी एका रविवारी ते बिबवेवाडीत दूध आणायला खाली उतरले, तर रस्त्यावरून चांगली थोराड माणसं नाइट सूट घालून, काखेत उशा मारून पळत चाललेली. दुसरा कोणी असता तर दूध घेऊन घरी गेला असता. बद्रीनाथराव दुधाच्या पिशव्या हातात धरून त्यांच्या मागे गेले. ही माणसं कुठे निघालीत, घर सोडून निघालीत का, आणि उशी कशाला, हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागला नसता. शेवटाला एका मैदानावर गरमागरम पोहे मिळत होते. दूध नासलं ते नासलंच, पण बद्रीनाथरावांना एक नवं जग सापडलं.

या जगात लोक पैसे भरून पळत, आणि दर वेळी सोंग वेगळं. कधी रंग उधळायचा, कधी धोतर नेसायचं, कधी शेवटी मिसळ. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे शेवटून पहिल्या येणाऱ्यालाही तेवढंच पदक, तेवढ्याच टाळ्या. इतका न्याय बद्रीनाथरावांना घरी किंवा कचेरीत कुठेच मिळाला नव्हता. ते दर शर्यतीला जाऊ लागले आणि दर शर्यत चालत पुरी करू लागले. वाटेत थांबायचं, या दुकानात काय बनतं ते बघायचं, त्या देवळाचा दरवाजा एवढा बुटका का ते विचारायचं, आणि टाळ्या घेऊन नाश्त्याला बसायचं. हळूहळू त्यांच्यासारखेच चाळीसेक न धावणारे त्यांच्याभोवती जमा झाले. आयटीतली चैताली, तिच्याच ऑफिसातला अभिनव, काही गृहिणी, काही निवृत्त. त्यांनी स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नाव दिलं 'शेपूट'. शेपटाचा नियम एकच होता. धावणारे पुढे निघून जात आणि वाट दाखवणारे स्वयंसेवक कंटाळून चहाला जात, म्हणून सगळ्यांनी बद्रीकाकांच्या मागे राहायचं. काका कुठे ना कुठे पोचतातच, हा अनुभव होता.

आता खरी गोष्ट.

त्या रविवारी कसबा पेठेत 'लगीनघाई रन' होती. ज्याने त्याने लग्नाच्या वेशात यायचं. कोणी नवरदेव, कोणी करवली, कोणी भटजी, कोणी रुसलेला काका. आणि त्याच रविवारी, त्याच कसबा पेठेत, शर्यत संपते त्या शाळेच्या मैदानापासून दोन गल्ल्यांवरच्या कार्यालयात बद्रीनाथरावांच्या भाचीचं, रुपालीचं लग्न होतं. खरंखुरं.

"अहो, भाचीचं लग्न आहे की तुमची शर्यत?" नम्रताताईंनी विचारलं.

"दोन्ही. मुहूर्त अकरा वाजून वीस मिनिटांनी. रन साडेसहाला. फेटा तर बांधायचाच आहे ना? एका फेट्यात दोन कार्यं!"

"बरं," नम्रताताई म्हणाल्या. पुण्यात 'बरं' म्हणजे बरं नव्हे, हे बद्रीनाथरावांना इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. पण कुतूहलापुढे त्यांचं काही चालत नाही. शेकडो माणसं लग्नाच्या कपड्यांत पळताना कशी दिसत असतील, हा विचार त्यांना झोपू देईना.

खरं म्हणजे त्यांनी त्या दिवशी जायलाच नको होतं. मेव्हणे तीन वर्षांपूर्वी अचानक गेले, तेव्हापासून धाकट्या बहिणीच्या, कौशल्याच्या, घरातलं कर्तं माणूस म्हणजे हेच. रुपाली त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. कौशल्याने भावाकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. "दादा, मुहूर्ताला रुपालीला तू बोहल्यावर आणायचं. आणि वऱ्हाडाचा नाश्ता तेवढा तू सांभाळ. साखरपुड्याला चहा गार होता, तर व्याही अजून सगळ्यांना सांगतात. आज नाश्त्यात काही कमीजास्त झालं, तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." हे सांगताना तिचा आवाज कापला होता. बद्रीनाथरावांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. आणि ते शब्दाचे पक्के होते. फक्त जरा हळू होते.

रविवारी शर्यत सुरू झाली. धावणारे धावले. शेपूट रमतगमत निघालं. बद्रीनाथराव सर्वांत पुढे, डोक्याला गुलाबी फेटा, उपरण्याखाली छातीवर नंबर. अभिनव नवरदेव झाला होता, मुंडावळ्यांसकट. चैताली नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घालून करवली. तांबट आळीत तांब्याच्या भांड्याला घाट कसा देतात हे बघण्यात बराच वेळ गेला. पुढे बुरुडांकडे एका सुपाची चौकशी झाली. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी ही मिरवणूक पाहिली आणि चष्म्यावरून विचारलं, "वरात का?"

"नाही आजोबा, मॅरेथॉन!" चैताली म्हणाली.

"मग पळा की," असं म्हणून आजोबा पुन्हा पेपरात शिरले.

इतक्यात बद्रीनाथरावांचा फोन वाजला. कौशल्या. "दादा, कुठे आहेस? नाश्ता लागला, पण मला इकडे काही सुधरत नाहीये. ये ना लवकर."

शर्यतीचा शेवट उजवीकडे होता, कार्यालय डावीकडे. बद्रीनाथरावांनी विचार केला, पाच मिनिटं बहिणीला तोंड दाखवावं, धीर द्यावा आणि मग जाऊन शर्यत पुरी करावी. ते डावीकडे वळले. मागच्यांना काही सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि त्यांच्यामागे, नियमाप्रमाणे, अख्खं शेपूट डावीकडे वळलं.

कार्यालयाच्या दारात रांगोळी, सनई, झेंडूच्या माळा आणि गुलाबपाणी शिंपडायला दोन मुली.

"काय ॲरेंजमेंट केलीय यार!" अभिनव म्हणाला. "मागच्या वेळी नुसता फुग्यांचा गेट होता."

दारातच अकोल्याहून आलेल्या चंद्रभागा आत्या औक्षणाचं ताट घेऊन बसल्या होत्या. बद्रीनाथराव आणि कौशल्याची ही म्हातारी आत्या. नजर अधू, उत्साह दांडगा. वय पंचाहत्तर, आणि या लग्नातला नवरदेव त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. समोर मुंडावळ्यावाला पोरगा दिसल्याबरोबर त्या उठल्या. "आला का नवरदेव! ये माया राजा. किती घामेजला रे!" त्यांनी अभिनवला कुंकू लावलं, ओवाळलं, पेढा भरवला. अभिनव भारावून गेला. त्याने वाकून नमस्कार केला आणि आत्यांबरोबर एक सेल्फीसुद्धा काढला. शर्यतीत इतका आपलेपणा त्याने पाहिला नव्हता.

आत नाश्त्याच्या हॉलमध्ये केटररच्या माणसाने, उत्तरेश्वरने, या मंडळींकडे पाहिलं. सगळे नटलेले, सगळे घामाघूम. लग्नात अनोळखी माणूस दिसला की मुलीकडच्यांना तो मुलाकडचा वाटतो आणि मुलाकडच्यांना मुलीकडचा, त्यामुळे आजवर कित्येकांची पोटं भरली आहेत. पण उत्तरेश्वर जुना माणूस. त्याने विचारून घेतलं, "आपण कोणाकडचे?"

"बद्रीकाकांकडचे!" चाळीस जण एका सुरात म्हणाले. आणि ते अगदी खरं होतं.

"मामांकडचे! बसा, बसा. अरे, इकडे जिलबी सोड!"

त्या वेळी बद्रीनाथराव वरच्या खोलीत बहिणीला धीर देत होते. "नाश्त्याची अजिबात काळजी करू नकोस. मी आहे ना." कौशल्याने डोळे पुसले. रुपाली आरशासमोर बसल्या बसल्या हसली, "मामा, तुझ्या उपरण्याखाली नंबर कसला रे?" त्यांनी घाईघाईने उपरणं ओढून घेतलं. तेवढ्यात व्याह्यांचा, सर्जेरावांचा, फोन आला. वऱ्हाड शिक्रापूरहून निघालं होतं आणि वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलं होतं. "आता सुटलोय. पोरं उपाशी हायत, मामा. पोचलो की पैलं खायला बसणार बगा!"

"या या, सगळं गरमागरम तयार आहे!" असं म्हणत मामा जिना उतरले आणि हॉलच्या दारातच थबकले.

समोर शेपूट जेवत होतं. नाश्ता म्हणावा असं ते काही नव्हतंच. तिसऱ्यांदा उपमा घेतलेली चैताली त्यांना बघून ओरडली, "काका, या वर्षीचा मेनू बेस्ट आहे!" उत्तरेश्वर कौतुकाने जवळ आला. "मामा, तुमच्याकडची मंडळी मनापासून खातात. भांडं चाटूनपुसून स्वच्छ केलं."

बद्रीनाथरावांनी भांड्यात डोकावून पाहिलं. तळाशी एक कढीपत्त्याचं पान होतं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "पुन्हा किती वेळात होईल?"

"पुन्हा?" उत्तरेश्वरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "रवा संपला. शेगड्यांवर जेवण चढलंय. आता मुलाकडच्यांना एकदम जेवायलाच वाढू या."

साडेनऊला मसालेभात! साखरपुड्याचा गार चहा व्याह्यांनी चार महिने पुरवला होता. हे तर त्यांना नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. बद्रीनाथराव खाली खुर्चीत बसले. बहिणीचा कापरा आवाज त्यांच्या कानात घुमू लागला. लाज वाटली. स्वतःचा राग आला. ज्या पोरीला आपण खांद्यावर बसवून पेठा दाखवल्या, तिच्या सासरची सुरुवात आपल्या हौसेपायी उपाशी पोटी होणार, या विचाराने त्यांचे डोळेच भरून आले.

"काका, काय झालं?" चैतालीने विचारलं.

त्यांनी सांगितलं. अभिनवने हातातली अर्धी जिलबी ताटात परत ठेवली. (तिचा आता काही उपयोग नव्हता, पण भावना चांगली होती.)

"थांबा," चैताली म्हणाली. "म्हणजे ही फिनिश लाइन नाहीये?"

"नाही गं बाई. ती दोन गल्ल्या पलीकडे. शाळेच्या मैदानावर."

"मग तिकडचा आपला नाश्ता कोणी खाल्लाय?"

बद्रीनाथरावांनी वर पाहिलं. कोणीच नाही! शिवाय रविवारच्या शर्यतीला नाव नोंदवलेले अर्धे पुणेकर अंथरुणातच राहतात, त्यांचाही नाश्ता तिथे पडून असणार. फक्त काउंटर साडेनऊला बंद होतं, आणि आता सव्वानऊ वाजून गेले होते.

आणि मग ते झालं. बद्रीनाथराव वानखडे धावले. पहिल्या दहा पावलांत त्यांचं त्यांनाच नवल वाटलं की आपले पाय हेही करतात तर! जमीन मागे जाते, वारा लागतो, छातीत कोणीतरी ढोल बडवतं. लोक हे हौसेने का करतात, हे कुतूहल मात्र तसंच राहिलं, कारण विसाव्या पावलाला श्वास संपला. पण ते थांबले नाहीत. मागून चाळीस पोटभरले वऱ्हाडी धावत होते, सर्वांत मागे मुंडावळ्या सावरत अभिनव. ओट्यावरच्या आजोबांनी पेपर खाली केला.

"नवरा पळाला वाटतं," ते घराकडे तोंड करून शांतपणे म्हणाले.

मैदानावर माइकवाल्याने जल्लोष केला, "आणि ही आली आपली शेवटची बॅच!" टाळ्या झाल्या. बद्रीनाथरावांनी त्या इकडेतिकडे न पाहता ओलांडल्या आणि सरळ नाश्त्याच्या टेबलाला धरून उभे राहिले. बोलता येईना, तेव्हा त्यांनी हातानेच सगळे डबे दाखवले. टेबलावरची मुलं सामान कधी आवरतंय याचीच वाट बघत होती. "सगळे न्या काका, आम्हाला परत वाहून न्यायला नकोत." गरम इडलीचे पुडके, केळी, राजगिऱ्याचे लाडू, आणि प्रत्येक डब्याला रिबिनीने बांधलेलं एक पदक. ते सोडवत बसायला वेळ कोणाला होता! ज्याच्या हाती जेवढे डबे आले तेवढे घेऊन शेपूट उलट्या पावली पळत सुटलं.

कसबा पेठेच्या गल्लीत बस शिरत नाही, ही त्या दिवशी मोठी कृपा झाली. वऱ्हाड नाक्यावर उतरून चालत आलं, गुलाबपाणी झालं, सगळे हॉलमध्ये बसले, आणि प्रत्येकापुढे एकेक डबा आला. वाढायला चाळीस नटलेली माणसं.

सर्जेरावांनी डबा उचलला. इडली पाहिली. मान हलवली. मग ते पदक हातात घेऊन उलटसुलट केलं. कौशल्या दाराशी येऊन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामा, हे काय हाय?"

बद्रीनाथराव अजून धापा टाकत होते. "मान," ते कसेबसे म्हणाले. "आमच्याकडे... वऱ्हाडाला... पदकाचा मान."

सर्जेरावांनी पदक गळ्यात घातलं. छातीवर नीट बसवलं. "आतापातुर किती लग्नं केली," ते भरल्या आवाजात म्हणाले, "टॉवेल भेटले, टोप्या भेटल्या, नारळ तर घरात ठिवायला जागा न्हाई. पण आमच्यासाठी पदक कुणी काढलं नव्हतं!" मग सगळ्या वऱ्हाडाने पदकं घातली. एका धाकट्या काकांच्या पदकाची रिबीन तुटलेली निघाली, ते रुसून बाहेर जाऊन बसले, तेव्हा बद्रीनाथरावांनी आपल्या वाट्याचं पदक त्यांच्या गळ्यात घालून त्यांना परत आणलं. त्याशिवाय लग्नासारखं लग्न वाटलंच नसतं.

फक्त चंद्रभागा आत्यांचा गोंधळ मिटेना. खरा नवरदेव आनंद दारातून आत आला आणि त्याच वेळी अभिनव इडली वाढत समोर आला. "काऊन व कौशल्या," आत्या म्हणाल्या, "पुण्यात नवरदेवाले वाढाले लावते का? अन् हा दुसरा कोन आहे?" त्यांनी आनंदलाही ओवाळलं, पण पेढा अर्धाच दिला.

कौशल्या भावाजवळ आली. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. नम्रताताईही आल्या. त्यांनी नवऱ्याच्या घामाने भिजलेल्या फेट्याकडे, मग रिकाम्या भांड्यांकडे, मग चाळीस अनोळखी पाहुण्यांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना सगळं सांगावं लागत नाही. "यांना जेवायलाही थांबवा आता," त्या म्हणाल्या. "निदान आहेर तरी येईल."

बद्रीनाथरावांना फार बरं वाटलं. बहिणीला दिलेला एक शब्द पाळला गेला होता. आता उरला दुसरा. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून ते मागच्या रांगेत एका खुर्चीवर विसावले. मिनिटभर म्हणून पाय लांब केले.

अकरा वाजून गेले. अक्षता वाटून झाल्या. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी माइक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

बद्रीनाथराव उठले. म्हणजे मनाने उठले. शरीर खुर्चीतच राहिलं. जन्मात पहिल्यांदा कामाला लागलेल्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम असे गोळे आले होते की पाय आहेत की खांब, हे कळेना. त्यांनी खुर्चीच्या हाताला रेटा दिला. खुर्चीही उठली आणि त्यांच्यासकट पुन्हा खाली बसली.

"मुलीचे मामा," गुरुजी पुन्हा म्हणाले. "मामा आहेत ना?"

सारा मांडव वळून पाहू लागला. सर्जेराव गळ्यातल्या पदकासकट वळले. बद्रीनाथरावांनी हात वर करून आपण आहोत एवढं दाखवलं. एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि तीही...

तेवढ्यात नवरीच्या खोलीचं दार उघडलं. रुपाली शालू सावरत बाहेर आली. बोहल्याकडे न वळता ती सरळ मागच्या रांगेत आली, मामांच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "चल मामा. माझ्या खांद्यावर भार टाक." तिने त्यांना उभं केलं. एक पाऊल तिचं, अर्धं पाऊल त्यांचं, असे दोघं निघाले.

गुरुजींनी हे पाहिलं. घड्याळ पाहिलं. पेठेतच जन्म गेला होता त्यांचा.

"हरकत नाही," ते माइकवर म्हणाले. "मुलीने मामांना घेऊन यावे. सावकाश आणा, मुहूर्ताला अजून चार मिनिटं आहेत."